प्रेशर टिकत नाही

२ सप्टेंबर, सोमवार

एनेलेसी माहेरी गेली आहे. फालोम्बेला. हवापालट म्हणून. बायकांना तो अधूनमधून लागतो. जाताना शिवणयंत्र नेलं, मोठं पातेलं नेलं, दोन्ही चटया नेल्या. हवापालटाला पातेलं कशाला लागतं ते कळलं नाही, पण विचारलं नाही. संसारात फार खोलात शिरू नये.

आज ठरवलं: शुक्रवारपर्यंत गाडी ठीक करायची आणि शनिवारी जाऊन तिला घेऊन यायचं. झोम्ब्याहून फालोम्बे काही समुद्रापलीकडे नाही. मिनिबस दारावरून जाते. सकाळी बसलेला माणूस जेवायच्या आत पोचतो. पण बायकोला आणायला मिनिबसने जाणं मला शोभत नाही. मांडीवर कुणाची तरी कोंबडी, बरगडीत कुणाचं तरी कोपर.

गाडीचा आजार असा: सेल्फ खूप वेळ मारावा लागतो. मग स्टार्ट होते, काळा धूर सोडते, चढावर झटके खाते आणि तापली की बंद पडते. निदान: पेट्रोलचं प्रेशर टिकत नाही. हे मी नुसतं कानाने ओळखलं. जन्मभर सरकारी ड्रायव्हर होतो. गाडी बिघडली की वर्कशॉपमध्ये नेऊन सोडायचो, संध्याकाळी ठणठणीत होऊन मिळायची. त्यामुळे दुरुस्तीचा मला दांडगा अनुभव आहे.

४ सप्टेंबर, बुधवार

फिल्टर बदलला. जुन्यातून चहाच्या रंगाचं पाणी निघालं. यालाच म्हणतात रोगाचं मूळ. पंपावर पेट्रोल नाही, रांगेतल्या गाड्यांवर धूळ चढली आहे, म्हणून अख्खं गाव बाजारामागून कॅनमधलं घेतं. त्या कॅनमध्ये पेट्रोल सोडून बाकी सगळं असतं. काळा धूर त्यामुळेच. उघड आहे.

पहिल्या झटक्यात स्टार्ट! कोपऱ्यावर गुलगुले तळणाऱ्या माई नासियाया ओरडल्या, काय हो, आज गाडी तुम्हाला नेणार का तुम्ही गाडीला? उत्तर दिलं नाही. हॉर्न दिला.

५ सप्टेंबर, गुरुवार

स्टार्ट होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. माई नासियाया आणि त्यांच्या गिऱ्हाइकांनी ढकलली. माई म्हणाल्या, मी पैसे गुलगुल्यांचे घेते, ढकलायचे घेत नाही, तुम्ही रोज सांगा. बाई तोंडाळ आहे.

७ सप्टेंबर, शनिवार

गेलो नाही. एनेलेसीला मेसेज केला: गाडीचं थोडं काम राहिलं आहे, पुढच्या शनिवारी नक्की. तिचं उत्तर आलं: बरं.

एवढंच. दुसरी बाई असती तर पानभर बोलली असती. ही समजूतदार.

१० सप्टेंबर, मंगळवार

ताडालाचा फोन. आमची एकुलती एक मुलगी, लिलोंग्वेला नर्स आहे. विचारलं, बाबा, नीट जेवता ना? म्हटलं, उत्तम. (चहा आणि गुलगुले. परवा न्सिमा करायला गेलो, मक्याचं पीठ भांड्याला लागलं. तेही बहुतेक पिठाच्या दोषामुळे.)

मग तिने जुलै काढला. जुलैत एनेलेसीच्या आईच्या कबरीवर दगड बसवायचा विधी होता. वर्षभर बायको पैसे साठवत होती, आणि सगळ्यांना मी गाडीने नेणार असं ठरलं होतं. गाडी गावाबाहेर बंद पडली. ताडाला म्हणाली, आई मागून आलेल्या ट्रकमध्ये सिमेंटच्या गोणीवर बसून गेली, बाबा. कमरेला गुंडाळलेलं चांगलं चितेंजेचं कापड सिमेंटने पांढरं झालं होतं. आणि तुम्ही गाडीपाशी थांबलात.

मी म्हटलं, गाडीपाशी कुणीतरी थांबायला नको?

ती म्हणाली, तिथे सगळे विचारत होते, जावई कुठे, जावई कुठे. आई संध्याकाळपर्यंत सांगत होती, निघालेत, येतील. बाबा, आईने तुमच्याकडे आजवर स्वतःसाठी काय मागितलं? हे एक.

यानंतर नेटवर्क खराब झालं. म्हणजे ऐकू येत होतं, पण आता खराब होईल असं वाटून मी फोन ठेवला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

लुफेयोला बोलावलं. लुफेयोचं गॅरेज म्हणजे नदीकाठचं एक झाड आणि झाडाखाली लुफेयो. छातीवर हात ठेवून म्हणाला, काका, टाकीतला पंप गेला, नाही गेला तर माझं नाव बदला. मलाही तोच संशय होता. मी बोललो नव्हतो इतकंच.

मागची सीट काढली, पंप काढला, लुफेयोने कुठूनसा दुसरा आणला, तो बसवला. गाडी स्टार्ट झाली. लुफेयो चहा पिऊन, पैसे घेऊन गेला.

सीट बाहेर उन्हात ठेवली होती. बघता बघता आठवलं. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा ही गाडी घेतली. जन्मभर मी साहेबांच्या बायकांना दार उघडून दिलं. एनेलेसी त्या गाड्यांत कधी बसली नाही, तसा नियमच होता. ही गाडी आली त्या रविवारी तिला पुढचं दार उघडून दिलं. पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली. चर्च हाकेच्या अंतरावर, म्हणून मी बाजाराला वळसा घालून नेली. चर्चपाशी आलो तर हळूच म्हणाली, अजून एक वळसा घाला ना.

तेव्हा गाडी ठीक झाली की सगळं ठीक होणार आहे. हे गणित सरळ आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार

स्टार्ट होईना. लुफेयोचं नाव काय ठेवावं याचा विचार करतो आहे.

१६ सप्टेंबर, सोमवार

फिलिमोनीचा फोन. हा एनेलेसीचा थोरला भाऊ. आमच्या लग्नात त्यांच्याकडून मध्यस्थ तो होता आणि आमच्याकडून माझे जाइलोसीमामा. लग्न पक्कं करणारी कोंबडा-कोंबडीची अदलाबदल त्या दोघांनीच केली होती. आपल्याकडे लग्न नवराबायकोचं नसतंच. ते मध्यस्थांच्या हातात असतं, आणि काही बोलायचं झालं तर तेच बसतात.

फिलिमोनी म्हणाला, दाजी, पाच ऑक्टोबरला शनिवारी बैठक ठेवली आहे. मामांना घेऊन या. एनेलेसीला काही सांगायचं आहे, ते तुमच्यासमोर सांगायचं म्हणते. तुमचंही ऐकून घेऊ.

आवाज गंभीर होता, पण फिलिमोनी बाजारभाव सांगतानाही गंभीरच असतो. मला बरं वाटलं. त्यांनाही माझी आठवण येते आहे. बैठक म्हणजे जेवण असणारच.

पाच ऑक्टोबर म्हणजे भरपूर वेळ आहे. आता घाईने नाही, शास्त्रशुद्ध काम करायचं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मामांकडे जाऊन आलो. चालत. पायांनाही व्यायाम हवा.

मामा थकलेत, पण जीभ ताजी आहे. बैठकीचं सांगितलं. मग म्हणाले, हेनॉक, तू तिला मारलंस का? म्हटलं, मामा, काय बोलता! दुसरी बाई आहे? म्हटलं, छे. दारू? तुम्हाला माहीत आहे, मी घेत नाही. मामा म्हणाले, मग तर अवघड आहे. या तिन्हीवर बोलायला माझ्याकडे म्हणी आहेत. तू केलंस तरी काय?

मी म्हटलं, काहीच नाही.

मामा म्हणाले, तेच तिला सांगायचं असेल.

म्हाताऱ्यांचं बोलणं कधीकधी सुटं सुटं होतं. निघताना म्हणाले, मिनिबसने जाऊ, सकाळी लवकर. मी ठाम नकार दिला. वरपक्षाने मिनिबसमधून उतरायचं? मामांना म्हटलं, तुम्ही पुढच्या सीटवर, मी चालवणार, हॉर्न वाजवत अंगणात शिरणार. मामा म्हणाले, आणि तुझी गाडी? म्हटलं, शुक्रवारपर्यंत ठीक.

कोणत्या शुक्रवारपर्यंत ते मी सांगितलं नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज लुफेयोकडून प्रेशरचा गेज आणला. (पंपाबद्दल तो म्हणतो, जुना पंप गेलेला होताच, हा दुसरा आजार आहे. डॉक्टरही असंच म्हणतात.) इंजिनवर इंजेक्टरना पेट्रोल पोचवणारी नळी आहे तिथे गेज लावला. चावी फिरवली. काटा वर चढला, जिथे हवा तिथे. चावी बंद केली. काटा तिथेच राहायला हवा. नाही राहिला. सावकाश खाली आला, अगदी शांतपणे, जणू कुणाला त्रास द्यायचा नाही.

टाकीकडून येणारा पाइप दाबून धरला. काटा खालीच. टाकीकडे परत जाणारा पाइप दाबला. खालीच. दोन्ही एकदम दाबले. तरी खाली. म्हणजे प्रेशर पुढेही जात नाही, मागेही जात नाही, तरी जातं.

लुफेयो म्हणाला, काका, एक तर इंजेक्टर गळतात, नाहीतर प्रेशर सांभाळणारा तो रेग्युलेटर फाटला, नाहीतर तुमचा गेज खोटा, नाहीतर जोडणी, नाहीतर दैव. रेग्युलेटरला ती बारकी रबरी नळी आहे ना, ती काढून आत ओलं आहे का बघा.

मला हसू आलं. त्या नळीतून इंजिन हवा ओढतं. पेट्रोलचा आणि तिचा संबंध काय? सरळ म्हटलं, बाळा, जिथे पेट्रोल नसतंच तिथे पेट्रोल शोधायचं नसतं. तो खांदे उडवून गेला.

२५ सप्टेंबर, बुधवार

कारण सापडलं! उष्णता. सप्टेंबर संपत आला, दगड तापतात, मग नळीतलं पेट्रोल का नाही तापणार? त्याची वाफ होते आणि वाफेला कसलं आलं प्रेशर. मोठे रोग असे साधे असतात.

उपाय: गाडी जॅकरांडाच्या सावलीत. पेट्रोलच्या नळीवर ओलं फडकं आणि ते धरून ठेवायला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. चिमटे एनेलेसीने नेले नव्हते. सगळे नळीवर लावले. बोनेट उघडलं की इंजिनाने धुणं वाळत घातलंय असं दिसतं.

माई नासियाया बघायला आल्या. म्हणाल्या, बाईच्या चिमट्यांनी बाईची आठवण बांधून ठेवलीत वाटतं. म्हटलं, माई, ही शास्त्रीय गोष्ट आहे. त्या म्हणाल्या, हो का, आणि न मागता एका ताटलीत न्सिमा आणि तुरीचे दाणे ठेवून गेल्या. पैसे घेतले नाहीत. बाई तोंडाळ आहे, पण स्वयंपाक चांगला करते.

२८ सप्टेंबर, शनिवार

एनेलेसीचा फोन आला! तिने आपण होऊन केला. प्रथम विचारलं, जेवलात का? याचा अर्थ कुणालाही कळेल.

म्हणाली, ताडालाचे बाबा, पाच तारखेला येताय ना? म्हटलं, अगं, येतोय म्हणजे काय, गाडीच घेऊन येतोय, कारण सापडलं, उष्णता आहे, मी नळीवर... तिने सगळं ऐकून घेतलं. ती नेहमीच ऐकून घेते. मग म्हणाली, गाडी नको. मिनिबसने या. नाहीतर चालत या. पण तुम्ही या.

मी म्हटलं, तुला पेट्रोलच्या खर्चाची काळजी, मला माहीत आहे.

मागे कुठेतरी शेळ्या ओरडत होत्या. मग म्हणाली, मला काय सांगायचंय ते फार मोठं नाही. तुम्ही समोर बसून ऐकलंत तर मी कदाचित सांगणारही नाही. नुसते बसलात तरी चालेल.

सांगायचं आहे म्हणते आणि सांगणारही नाही म्हणते. माहेरच्या हवेने थोडी गोंधळली आहे. घरी आली की ठीक होईल.

२ ऑक्टोबर, बुधवार

गाडी घेऊन बाजारात गेलो आणि आलो. एकदाही बंद पडली नाही. (सकाळची थंड वेळ होती, आणि येताना उतार होता. पण आली.) चिमट्यांचा विजय. मामांना निरोप पाठवला: शनिवारी सकाळी तयार राहा, कोट घाला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

शर्टाला कोळशाची इस्त्री केली. कॉलरच्या मागे थोडा जळला. मागचं कोण बघतं. गाडी धुतली. पुढची सीट दोनदा पुसली.

बैठकीत काय बोलायचं त्याची तयारी: १) जुलैतली घटना ही यांत्रिक बिघाडाची होती. २) आता बिघाड दूर झाला आहे. ३) चला.

उद्या ती शेजारी बसून परत येईल. आज झोप येणार नाही बहुतेक. आनंदाने.

५ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी सात.

स्टार्ट झाली! थोडी ढकलावी लागली. माई नासियायांनी स्वतः ढकलली आणि मागून ओरडल्या, तिला सांगा, तुमच्यावर लक्ष ठेवून आम्ही दमलो. मामांना घेतलं. मामा कोटात रुबाबदार दिसतात.

सकाळी साडेनऊ. जाली गावाच्या पुढे.

बंद पडली. चढ होता. काही विशेष नाही, इंजिन तापलं आहे. अर्ध्या तासात थंड होईल. मामांना लिंबाच्या झाडाखाली बसवलं, नळीवर पाणी ओतलं. बैठक अकराला आहे. वेळ आहे.

सव्वादहा.

अजून थंड होते आहे. दोन मिनिबस गेल्या. दुसरीचा कंडक्टर ओरडला, फालोम्बे, फालोम्बे, दोन जागा! मामा उठून उभे राहिले. मी हाताने नको म्हटलं. मामा माझ्याकडे बघत राहिले.

पावणेअकरा.

मामा गेले.

तिसरी मिनिबस आली तेव्हा मामांनी स्वतः काठी आडवी धरून थांबवली. म्हणाले, हेनॉक, चढ. म्हटलं, मामा, पाचच मिनिटं, आता होईल. मामा म्हणाले, बैठक तुझ्यावर आहे, गाडीवर नाही. चढ, लेकरा. म्हटलं, गाडी अशी रस्त्यावर टाकून? काचा काढून नेतील. तुम्ही पुढे व्हा, मी गाठतोच तुम्हाला वाटेत. मामा म्हणाले, जुलैतही तू असंच म्हणाला होतास का?

कंडक्टर घाई करत होता. मामांना हात देऊन चढवलं. दारातून त्यांनी पुन्हा हात पुढे केला, मला ओढून घ्यायला. मी हसून त्या हातात त्यांची काठी दिली.

मी त्यांना गाठणारच आहे. मिनिबस जागोजागी थांबते.

दुपारी एक.

नाही. पण आता डोकं शांत आहे. शास्त्रशुद्ध.

दुपारी दोन.

सापडलं!! सापडलं!!

रागाने बोनेटवर वाकलो तेव्हा कोपर त्या बारक्या रबरी नळीला लागलं आणि ती निघाली. निघाली ती तिच्यातून पेट्रोल ठिबकलं. माझ्या बुटावर. हवेच्या नळीतून पेट्रोल! रेग्युलेटरच्या आतला पडदा फाटला आहे. प्रेशर पुढेही जात नव्हतं, मागेही जात नव्हतं, ते या चोरवाटेने थेट इंजिनात जात होतं. म्हणून जास्तीचं पेट्रोल. म्हणून काळा धूर. म्हणून तापलं की बुडून बंद. सगळं जुळलं! एक महिना मी ज्याच्या मागे होतो ते माझ्या हाताला लागलं आणि तेही कुणाच्या मदतीशिवाय.

मामांना फोन लावला. उचलला. म्हटलं, मामा, सापडलं! रेग्युलेटर! सगळ्यांना सांगा, एनेलेसीला सांगा, कारण सापडलं!

मामा म्हणाले, बैठक उठली.

संध्याकाळी.

लुफेयो माझी गाडी दुसऱ्या गाडीला दोराने बांधून ओढत घेऊन आला. वाटेत एकदाही म्हणाला नाही की त्याने सांगितलं होतं. त्याने म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं, दोन शब्द भांडता आलं असतं.

६ ऑक्टोबर, रविवार

मामांकडे गेलो. ते म्हणाले, बस. मी बसलो.

मामांनी सांगितलं ते असं. एनेलेसी मिनिबसच्या थांब्यापर्यंत चालत आली होती. स्वच्छ कपडे, डोक्याला नवा रुमाल. मामा उतरले. ती त्यांना वाकून भेटली आणि त्यांच्या मागे दाराकडे बघत राहिली. मिनिबस निघाली, वळणाआड गेली, तरी बघत होती. मग विचारलं, मामा, ते आजारी आहेत का? मामा म्हणतात, मला खोटं बोलायचं मनात आलं, हेनॉक. देवाशपथ आलं. आजारी आहे म्हटलं असतं तर ती तिथूनच निघाली असती तुझ्याकडे. पण मध्यस्थाने खोटं बोलायचं नसतं. म्हटलं, रस्त्यात आहे, गाडीपाशी.

बैठकीत फिलिमोनीने विचारलं, एनेलेसी, काय सांगायचं होतं तुला? ती म्हणाली, काही नाही. ते आता तुम्ही सगळ्यांनी बघितलंच.

मामांनी मुदत मागितली. तिने नकारार्थी मान हलवली. म्हणाली, मला त्यांचा राग नाही. मारकुटे नाहीत ते. वाईटही नाहीत. पण मी वाट बघून बघून थकले.

मग दोघा मध्यस्थांनी लग्नाची गाठ सोडली. जशी बांधली होती तशीच, चार माणसांत. तिने काही मागितलं नाही. मामांना जेवू घालूनच पाठवलं.

मी मामांना म्हटलं, मी नसताना घेतलेला निर्णय कच्चा असतो. मामा काही बोलले नाहीत. त्यांना कमी ऐकू येतं हल्ली. तिकडेही काही ऐकण्यात चूक झाली असणार. समक्ष भेटल्याशिवाय या गोष्टी कळत नाहीत.

ठरवलं: रेग्युलेटर बदलायचा, शनिवारी जायचं, समजावून सांगायचं. कारण आता कारण सापडलेलं आहे.

१० ऑक्टोबर, गुरुवार

लुफेयोने लिंबे शहरातल्या भंगारबाजारातून रेग्युलेटर आणला. बसवला. गेज लावला. चावी बंद केली आणि आम्ही दोघं बघत बसलो. काटा हलला नाही. चहा केला, प्यायलो. काटा तिथेच. लुफेयो म्हणाला, काका, आता ही तुम्हाला केप टाउनला नेईल.

म्हटलं, मला फालोम्बेलाच जायचंय.

१२ ऑक्टोबर, शनिवार

गेलो.

चावी लावताच स्टार्ट झाली. धूर नाही. जालीचा चढ तिने असा काढला की मलाच खरं वाटेना. मिनिबसना मागे टाकलं. अकरालाच त्यांच्या अंगणात होतो. हॉर्न वाजवला नाही.

ओसरीवर शिवणयंत्र होतं. एनेलेसी शाळेचे गणवेश शिवत होती, निळ्या कापडाचा ढीग शेजारी. दोन बाया मापं द्यायला थांबल्या होत्या. तिने वर बघितलं, टाका पूर्ण केला, दोरा दाताने तोडला आणि उठली. वजन थोडं वाढलं आहे तिचं. चांगली दिसते.

गाडीकडे बघून म्हणाली, झाली वाटतं.

म्हटलं, झाली. रेग्युलेटर होता. पडदा फाटला होता आत, बारीकसा, बाहेरून दिसत नव्हता. मी सगळं सांगितलं, दोन्ही पाइप कसे दाबले, तरी प्रेशर कसं जात होतं, कुठून जात होतं. तिने उन्हात उभं राहून सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा म्हणाली, म्हणजे एवढ्याशा नळीत होतं. म्हटलं, हो ना. एवढ्याशा.

मग बोलायचं संपलं. मी बरंच काही ठरवून गेलो होतो. ते सगळं गाडीबद्दल होतं.

फिलिमोनी आतून आला. म्हणाला, या, माखाला. आजवर दाजी म्हणायचा. मला वाटलं, त्याला सवय नाही, चुकून आडनाव निघालं. एनेलेसीने तांब्याभर पाणी आणलं, माझ्या हातावर घातलं आणि म्हणाली,

"भाऊ, जेवून जा."

भाऊ.

रागाने नाही म्हणाली. पाहुण्याला म्हणतात तसं, मायेनेच म्हणाली. मला तेही चुकून निघालं असं वाटायला हवं होतं. मी तसं वाटून घ्यायला लागलो, आणि झालं नाही.

जेवलो. न्सिमा, वाळलेली उसिपा मासळी टोमॅटोत केलेली, मला आवडते तशी. माझ्यासाठी चटई बाहेर टाकली होती, एनेलेसी बायकांत आत बसली. उठताना म्हटलं, एनेलेसी, जुलैत मला ट्रकमध्ये चढता आलं असतं. जागा होती.

ती म्हणाली, होती. गोणीवर माझ्या शेजारी होती.

त्या बाया मापं द्यायला अजून थांबल्या होत्या. ती ओसरीवर गेली आणि शिवणयंत्र सुरू झालं. फिलिमोनी मला गाडीपर्यंत सोडायला आला. म्हणाला, रस्त्याने जपून जा.

परत येताना गाडी एकसारखी चालली. जालीच्या पुढे मी आपणच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं आणि बसून राहिलो. एक सायकलवाला थांबला, म्हणाला, काका, बिघडली का? मदत करू? म्हटलं, नाही रे. गाडीला काही झालेलं नाही.

तो गेला. मी आणखी थोडा वेळ तिथेच होतो.